भटकलेले की हरवलेले? ‘स्ट्रे’ या शब्दाच्या निमित्ताने

२०२५ सालच्या जून महिन्यात येशूच्या पवित्र हृदयाचा सण आला. त्या दिवशीचे शुभवर्तमान लूकच्या पंधराव्या अध्यायातले, शंभर मेंढरांच्या दाखल्याचे होते. आम्ही प्रवचन केले आणि ते बरे साधले असे आमचे आम्हालाच वाटले. धर्मगुरूला आपल्या प्रवचनाविषयी असे वाटू लागले की कुठेतरी काहीतरी निसटले आहे असे खुशाल समजावे, एवढे आता अनुभवाने आम्हाला कळू लागले आहे. चर्चपासून दूर गेलेल्या तरुणांविषयी आम्ही त्या दिवशी बोललो होतो, आणि ‘भटकलेली मेंढरे’ हा शब्दप्रयोग किमान सात-आठ वेळा केला होता.

उपासना आटोपल्यावर साक्रिस्तीच्या दारात एक बाई उभ्या होत्या. त्यांचा मधला मुलगा काही वर्षांपासून मुंबईला असतो. तो घरी क्वचित येतो, चर्चमध्ये येतच नाही. गावात त्याच्याविषयी जे बोलले जाते ते येथे सांगण्याचे कारण नाही. बाई म्हणाल्या, “फादर, वाचनात ‘हरवलेले’ होते. तुम्ही ‘भटकलेले’ म्हणालात.” आम्ही काही उत्तर देण्यापूर्वीच त्या पुढे म्हणाल्या, “माझा भटकला की काय झाले ते देव जाणे. मला तो सापडत नाही, एवढे मला ठाऊक.” आणि त्या निघून गेल्या.

आम्ही वाचनग्रंथ पुन्हा उघडून पाहिला. बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लूकने ‘हरवले’ असेच लिहिले आहे. मग ‘भटकलेले’ हा शब्द आमच्या तोंडी आला कोठून? टिपणे काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. प्रवचनाची तयारी आम्ही दोन इंग्रजी भाष्यग्रंथांवरून केली होती, आणि त्यांत पानोपानी ‘स्ट्रे’ हा शब्द होता. त्याचे मराठी आम्ही मनातल्या मनात केले आणि जे लूकच्या पानावर नव्हते ते लूकच्या तोंडी घातले. सेमिनरीत मूळ भाषा शिकलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते. तेव्हापासून या इंग्रजी शब्दाच्या मागे आम्ही थोडे फिरलो. त्या फिरण्यात जे हाती आले ते येथे मांडतो.

‘स्ट्रे’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेर आणि ‘व्हागारी’ म्हणजे हिंडणे या दोन शब्दांत असावे, असे कोशकार बहुधा मानतात. मर्यादेबाहेर हिंडणे, हद्द ओलांडून फिरणे, हा त्याचा गाभा. याच मुळातून आलेला आणखी एक इंग्रजी शब्द म्हणजे ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’. आज त्याचा अर्थ उधळ्या असा होतो, पण हॅम्लेट नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात होरेशिओ हे विशेषण भुताला लावतो तेव्हा ते भूत पैसे उधळते असे त्याला म्हणायचे नसते. ते आपल्या ठरल्या जागेबाहेर हिंडते आहे, एवढेच त्याला सांगायचे असते. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना तर ‘एक्स्ट्राव्हागान्तेस’ हे नाव चांगले परिचयाचे आहे. जुन्या अधिकृत संग्रहांत ज्यांना जागा मिळाली नव्हती अशा परमगुरूंच्या आदेशांना हे नाव होते. योहान बाविसावे यांचे असे आदेश पुढे स्वतंत्रपणे संगृहीत झाले. म्हणजे रोमहून निघालेले आदेशसुद्धा एके काळी ‘बाहेर भटकणारे’ होते, आणि त्यांना कोणी पापी म्हटले नव्हते! १९१७ च्या धर्मविधिसंहितेने पुढे त्या सगळ्यांनाच एका छपराखाली आणले.

परंतु या शब्दाचा खरा संसार न्यायालयात आणि गोठ्यात झाला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘एस्ट्रे’ नावाची एक संज्ञा आहे. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ ते १७६९ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘कॉमेंटरीज’मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले आहे. एखाद्या जहागिरीच्या हद्दीत मूल्यवान पाळीव जनावर फिरताना सापडले आणि त्याचा मालक कोण हे ठाऊक नसले तर ते ‘एस्ट्रे’. असे जनावर अखेरीस राजाचे, किंवा राजाने ज्याला तो हक्क दिला त्या जहागीरदाराचे होई. मात्र ते लगेच नव्हे. आधी त्याची दवंडी पिटावी लागे, आणि ही दवंडी कोठे, तर चर्चमध्ये आणि लगतच्या दोन बाजारपेठांच्या गावी. त्यानंतर एक वर्ष आणि एक दिवस वाट पाहायची. तोवर मालक आला आणि त्याने खर्च भरला तर जनावर त्याचे त्याला परत.

आमच्यासारख्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूला हा तपशील वाचून थांबावेसे वाटले. आपल्याकडेही उपासनेच्या शेवटी सूचना वाचल्या जातात. सापडलेली छत्री, किल्ल्यांचा जुडगा, लहान मुलाची एक चप्पल. इंग्लंडच्या त्या चर्चमध्ये विवाहाच्या घोषणांच्या जोडीला कधी एखाद्या तांबड्या गाईची घोषणा होत असेल. त्या घोषणेत गाईला दोष दिलेला नसे. ती कशी उधळली, कोणाच्या शेतात शिरली, तिला वळण कसे नाही, यांपैकी काही नाही. तिथे एकच प्रश्न विचारला जाई: ही कोणाची?

ब्लॅकस्टोनने आणखीही काही सांगितले आहे. ज्याच्याकडे असे जनावर असेल त्याने त्याला चारापाणी दिला पाहिजे, इजा होऊ देता कामा नये. त्याला कामाला जुंपता येणार नाही. जुंपले तर दावा होऊ शकतो. गाय असेल तर तिचे दूध मात्र काढता येईल, कारण न काढल्यास तिलाच त्रास. कायद्याच्या पुस्तकात एवढी माया आम्ही अपेक्षिली नव्हती. अर्थात तिचे मूळ आपल्याला परके नाही. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात शत्रूचा बैल किंवा गाढव मोकाट फिरताना दिसले तर ते त्याला नेऊन द्यावे असे सांगितले आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तर भाऊबंदाचे जनावर दिसल्यावर काणाडोळा करू नये, मालक दूर असेल किंवा माहीत नसेल तर ते आपल्या घरी ठेवावे आणि तो शोधत आला की द्यावे, अशी आज्ञा आहे. वैऱ्याचा बैल असला तरी तो चुकलेला बैल आहे, आणि चुकलेल्याला परत नेणे हे ज्याला तो दिसला त्याचे काम आहे.

याच्या तुलनेत आपल्या देशात इंग्रजांनी आणलेला कायदा रुक्ष होता. १८७१ च्या पहिल्याच अधिनियमाने मोकाट गुरांसाठी कोंडवाड्यांची व्यवस्था लावली. शेतात शिरलेले ढोर कोंडवाड्यात घालावे, दंड आणि खुराकीचा खर्च भरून मालकाने ते सोडवावे, मुदतीत कोणी आले नाही तर लिलाव. कोंडवाडा हा शब्द आमच्या पिढीच्या बालपणापर्यंत गावोगावी जिवंत होता. त्याच १८७१ साली याच सरकारने आणखी एक अधिनियम केला, तो माणसांसाठी. त्याने काही भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांची हजेरी घेण्याची व्यवस्था केली. १९५२ साली तो शिक्का पुसला गेला, तरी ‘भटके’ या शब्दाला चिकटलेला संशय गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले तेव्हा मराठी वाचकाला त्याची जळजळीत ओळख झाली. वास्तविक भटक्यांची वाट ठरलेली असते. कोणत्या ऋतूत कोठे पाल ठोकायचे हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. इंग्रजी ‘स्ट्रे’ त्यांना लागू पडतच नाही. ज्याचे घर एके जागी असते आणि जो ते सोडून जातो, त्यालाच ‘स्ट्रे’ होता येते.

ब्लॅकस्टोनच्या मते कुत्रा किंवा मांजर ‘एस्ट्रे’ होऊ शकत नाही, कारण कायदा त्यांना काही मूल्यच देत नाही. पक्ष्यांपैकी एकट्या राजहंसाला तो मान! आज मात्र ‘स्ट्रे’ म्हटले की इंग्रजी जाणणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांपुढे प्रथम कुत्रेच उभे राहते. येथे शब्द आपल्या मूळ अर्थापासून बराच दूर गेला आहे. रस्त्यावर जन्मलेले, रस्त्यावरच वाढलेले कुत्रे कोणत्या घरातून निघाले? भारत सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी या अडचणीवर उपाय म्हणून ‘सामुदायिक प्राणी’ अशी संज्ञा स्वीकारली आहे. चावा घेतलेल्या माणसाला ती पटेल की नाही हा प्रश्न वेगळा, पण शब्द म्हणून ती अधिक प्रामाणिक आहे. आपले वृत्तपत्रीय ‘मोकाट कुत्रे’ही वाईट नाही, बांधलेले नाही, एवढेच ते सांगते.

हाच शब्द मुलांना लावला गेला तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये एडवर्ड रुडॉल्फ नावाचा एक सरकारी कारकून रविवारच्या धर्मशिक्षणाचा वर्ग घेत असे. वर्गातले दोन भाऊ येईनासे झाले आणि शोध घेता ते अन्नासाठी भीक मागताना आढळले, असे सांगतात. त्यातून १८८१ साली चर्च ऑफ इंग्लंडची निराधार मुलांसाठीची संस्था उभी राहिली आणि तिच्या नावातच ‘वेफ्स अँड स्ट्रेज’ हे शब्द होते. ‘वेफ’ हीसुद्धा जुनी कायद्याची संज्ञा: चोराने पळता पळता टाकून दिलेला माल. म्हणजे टाकलेला माल आणि चुकलेली गुरे, ही त्या लेकरांची नावे. देणाऱ्यांच्या मनात करुणा होती याविषयी आम्हाला शंका नाही. संस्थेने केलेले काम मोठे आहे. परंतु असे नाव लिहिलेल्या पाटीखालून रोज आत-बाहेर करणाऱ्या मुलाला काय वाटत असेल? १९४६ साली संस्थेने ते नाव सोडले. पासष्ट वर्षे लागली.

शब्दाची एक प्रसन्न बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात ‘स्ट्रे’ म्हणजे गावाचे सामाईक कुरण, आपले गायरान. हॅरोगेट शहरात आजही ‘द स्ट्रे’ या नावाचे सुमारे २०० एकरांचे मोकळे हिरवे मैदान आहे. १७७८ च्या एका निवाड्याने ते सर्वांसाठी खुले ठेवले गेले. जिथे जनावराने हिंडावे म्हणून जागा राखली आहे ती ‘स्ट्रे’. वसईतल्या गुरचरण जमिनींचे काय झाले हे वाचकांना ठाऊक आहेच, त्याविषयी येथे लिहीत नाही. रवींद्रनाथांच्या १९१६ सालच्या छोटेखानी इंग्रजी पुस्तकाच्या नावात ‘स्ट्रे’ पक्ष्यांना लागला आहे, तेथे तर शब्दाला कसलाच डाग नाही. कपाळावर आलेली केसांची बट, मनात सहज डोकावलेला विचार, यांनाही इंग्रजी हेच विशेषण लावते. आणि दंगलीत भलत्यालाच लागलेल्या गोळीलाही हेच. एका शब्दाने किती ओझे वाहावे!

आता ‘स्ट्रे’च्या जोडीदाराकडे वळू. अँग्लिकन पंथाच्या प्रार्थनापुस्तकाच्या १५५२ च्या आवृत्तीत जी सामुदायिक पापकबुली आली, तिच्यात ‘एर’ आणि ‘स्ट्रे’ ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी येतात, आणि पुढे मेंढरांची उपमा येते. दोन कशाला? लॅटिन ‘एरारे’चा मूळ अर्थ हिंडणे, वाट सोडणे, चूक करणे हा त्यातून निघालेला अर्थ. इंग्रजी ‘एर’मधून हिंडण्याचा अर्थ हळूहळू गळून गेला आणि चूक तेवढी उरली. गणितात ‘एरर’ करणारा विद्यार्थी जागचा हललेला नसतो. मग वाट सोडण्याचा अर्थ वाहायला ‘स्ट्रे’ घ्यावा लागला. लॅटिनमध्ये एका शब्दात जे मावत होते त्यासाठी इंग्रजीला दोन लागले.

मराठी येथे इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, असे आम्ही जरा अभिमानाने म्हणतो. आपले ‘चुकणे’ लॅटिनच्या ‘एरारे’सारखे दोन्ही अर्थ आजही वाहते. गणित चुकते तशी वाटही चुकते. शिवाय ‘चुकामूक’ हा जो शब्द त्यातून झाला आहे त्याला तोड नाही. स्टेशनवर दोघांची चुकामूक होते तेव्हा चूक कोणाची? एक या पुलावर उभा, दुसरा त्या पुलावर. दोघेही वाट पाहत होते. तरुण मंडळी आणि चर्च यांच्यात जे झाले आहे त्याचे वर्णन कित्येकदा या शब्दाने नेमके होईल. ‘भरकटणे’ होडीचे असते. ज्यांच्या घरी मासेमारी आहे त्यांना सांगायला नको की भरकटलेल्या होडीवरच्या तांडेलाला कोणी शिव्या देत नाही. वारा आणि पाण्याची ओढ त्याच्या हातात नसते. ‘बहकणे’ निराळे, त्यात नशा आहे, आणि बहुधा बहकवणाराही आहे. ‘भटकणे’ मात्र पायांचे. त्यात हेतू नाही, घाई नाही, आणि आईच्या तोंडी ते आले की त्यात राग असतो. “कुठे भटकत होतास इतका वेळ?” हा प्रश्न आपण सर्वांनी ऐकलेला आहे. प्रवचनातला ‘भटकलेला’ हा शब्द याच सुरात ऐकला जातो, बोलणाऱ्याला तो सूर अभिप्रेत असो वा नसो.

आणि ‘हरवणे’? वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत दर वर्षी काही मुले आईबापांपासून सुटतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मूलच फुग्यामागे किंवा बाजाच्या आवाजामागे चालत गेलेले असते. कठोरपणे बोलायचे तर ते भटकलेले असते. पण लाउडस्पीकरवर कोणी “एक मूल भटकले आहे” असे सांगितल्याचे ऐकले आहे काय? “मूल हरवले आहे” असेच सांगतात. ते घोषणेचे शब्द असतात आईचे. ‘भटकणे’ हे क्रियापद जाणाऱ्याच्या बाजूने बोलते. ‘हरवणे’ हे ज्याचे गेले त्याच्या बाजूने. साक्रिस्तीच्या दारात त्या बाईंनी आम्हाला हेच सांगितले होते, आणि तेही कोश न उघडता.

आता शुभवर्तमानांकडे. मेंढराचा दाखला दोन ठिकाणी आहे, मत्तयच्या अठराव्या अध्यायात आणि लूकच्या पंधराव्यात. मत्तयचे ग्रीक क्रियापद ‘प्लानाओ’, म्हणजे वाट सोडणे, हिंडणे. आकाशात इतर ताऱ्यांप्रमाणे जागच्या जागी न राहता हिंडणाऱ्या ज्योतींना ग्रीकांनी याच धातूवरून ‘प्लॅनेट’ म्हटले. लूकचे क्रियापद ‘अपोल्लुमी’, म्हणजे गमावणे, नाश होणे. लॅटिन भाषांतराने मत्तयमध्ये ‘एरारे’ वापरले आणि लूकमध्ये ‘पेर्देरे’ व ‘पेरिरे’. इंग्रजी भाषांतरेही हा भेद पाळतात. काही अर्वाचीन भाषांतरांत तर मत्तयच्या मेंढराला नुसते ‘द स्ट्रे’ म्हटले आहे. आपल्या मराठी भाषांतरकारांनीही एकीकडे भटकणे आणि दुसरीकडे हरवणे असाच फरक केलेला दिसतो. कालवाकालव होते ती व्यासपीठावर. दोन्ही दाखले आपण एकच समजतो आणि ज्या दिवशी जो शब्द सुचेल तो वापरतो.

हे दोन दाखले एक नव्हेत. लूकच्या दाखल्याला परूशी आणि शास्त्री यांच्या कुरकुरीची पार्श्वभूमी आहे, आणि त्याच्या पाठोपाठ हरवलेल्या नाण्याचा दाखला येतो. नाणे भटकू शकत नाही. त्याला पाय नाहीत, मन नाही, दोष देण्याजोगे काहीही नाही. ते हरवले ते बाईच्या हातून, आणि तेही घरातच. मेंढराच्या दाखल्यातही लूकची वाक्यरचना मेंढपाळाला कर्ता करते: त्याने त्यातले एक गमावले. त्यानंतर धाकट्या मुलाची गोष्ट येते. हा मुलगा तर खरोखर पायांनी चालत दूर देशी गेला होता, पण बाप त्याच्याविषयी बोलतो तेव्हा ‘हरवला होता’ हेच म्हणतो. (ज्याला आपण ‘उधळ्या पुत्र’ म्हणतो तो. इंग्रजीतला ‘प्रॉडिगल’ म्हणजेही उधळ्याच, पण या एका गोष्टीमुळे पुष्कळ इंग्रजी लेखक तो शब्द ‘दूर जाऊन परतलेला’ अशा अर्थी वापरतात. शब्द असेही भरकटतात.)

मत्तयचा रोख वेगळा आहे. तो अध्याय शिष्यांना उद्देशून आहे, त्याचा विषय ‘या लहानांपैकी एक’ हा आहे, आणि दाखल्याच्या आधी कोण येते, तर त्या लहानांना अडखळवणारा, ज्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट प्रभू करतात. मत्तयने वापरलेले रूप व्याकरणाने कर्मणी आहे. सामान्यतः त्याचा अर्थ ‘भटकले’ असाच घेतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच धातूचे कर्तरी रूप म्हणजे भुलवणे, फसवणे. चोविसाव्या अध्यायात कोणी तुम्हाला भुलवू नये म्हणून सावध राहा, असा इशारा आहे, तेथे तेच क्रियापद आहे. ग्रीक कानाला मेंढराच्या भटकण्यात कोणीतरी दाखवलेली भलती वाट अगदीच ऐकू येत नसेल असे म्हणवत नाही. म्हणजे मत्तयचा ‘भटकलेले’ हा शब्द आम्ही वापरतो तितका एकतर्फी नाही. आम्ही मात्र लूकच्या दिवशी मत्तयचा शब्द वापरला, आणि त्यातलीही निम्मी बाजू सोडून दिली.

जुन्या करारात हे दोन्ही शब्द एका ओळीत भेटतात. ११९ वे स्तोत्र बायबलमधले सर्वांत लांब, आणि त्याची अगदी शेवटची, १७६ वी ओवी अशी आहे की तीत स्तोत्रकार आपण वाट सोडल्याचे कबूल करतो, स्वतःला हरवलेल्या मेंढराची उपमा देतो आणि देवाला आपला शोध करायला सांगतो. हिब्रूत दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. ग्रीक भाषांतरात तीच ‘प्लानाओ’ आणि ‘अपोल्लुमी’ आहेत. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातही मेंढरांसारखे भटकल्याची कबुली आहे. तेथे बोलणारे ‘आम्ही सर्व’ आहेत. हँडेलने १७४१ साली ‘मसीहा’ रचताना या वचनाला इतके आनंदी संगीत दिले की प्रथम ऐकणारा चकित होतो. निरनिराळे आवाज एकामागून एक आपापल्या वाटेने पळत सुटतात. कुरणात उधळलेल्या कोकरांचा तो आनंद आहे. भटकणाऱ्याला भटकताना मजा वाटते हे हँडेलला ठाऊक होते. शेवटच्या काही मापांत संगीत एकाएकी संथ आणि गंभीर होते, तेव्हा किंमत कोणी भरली ते कळते.

या साऱ्या ठिकाणी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. स्तोत्रकार म्हणतो ‘मी भटकलो’. यशया म्हणतो ‘आम्ही’. ते १५५२ चे इंग्रजी प्रार्थनापुस्तकही ‘आम्ही’च म्हणते. पेत्राच्या पहिल्या पत्रात ‘तुम्ही भटकत होता’ असे आहे खरे, पण तो भूतकाळ आहे आणि ते लोक परत आलेले आहेत. याकोबाने पत्राच्या शेवटी तृतीय पुरुष वापरला आहे, तोही परत आणणाऱ्याचे कौतुक करण्यासाठी. ‘तो भटकला’ असे दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणण्याची सवय पवित्र शास्त्रापेक्षा आमच्या व्यासपीठाची अधिक आहे.

महाविद्यालयात इंग्रजी घेतलेल्या पुष्कळ वाचकांनी टॉमस ग्रे यांची १७५१ सालची ‘एलिजी’ अभ्यासली असेल. तीत खेड्यातल्या साध्या माणसांविषयी कवी म्हणतो की त्यांच्या इच्छा भटकायला शिकल्याच नाहीत. सेमिनरीत असताना आम्हाला ही स्तुती वाटली होती. आज वाचताना तिच्यातले दुःख दिसते. त्यांना भटकण्याची संधीच नव्हती. गरिबीने दार लावून घेतले होते, हे कवीनेच आधी सांगितले आहे. आमच्या बाकांवर दर रविवारी बसणाऱ्या नव्व्याण्णवांपैकी किती जण निष्ठेने बसले आहेत आणि किती जणांना केवळ जायला जागा नव्हती, हे आम्ही सांगू शकत नाही. आमच्या स्वतःविषयीही ते नेहमी सांगता येईल असे नाही.

ही चर्चा आम्ही धर्मग्राम समितीतही काढली. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “फादर, सगळेच हरवलेले म्हटले तर मग त्यांचा दोष काहीच नाही का?” प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो उडवून लावला नाही. पायांनी गेलेला माणूस नाणे नव्हे. धाकट्या मुलाने परत येताना आपले भाषण स्वतः तयार केले होते आणि त्यात स्वतःचा दोष स्वतः सांगितला होता. आमचे म्हणणे एवढेच की ते भाषण त्याचे आहे. त्याच्या वतीने ते आम्ही वेदीवरून म्हणू नये. सभासदांचे पूर्ण समाधान झाले नाही. त्यांच्या मते शब्द मऊ केले की माणसे सैल होतात. त्यांचे हे मत आम्ही येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण गावात ते अनेकांचे आहे.

तूर्त आम्ही श्रद्धावंतांच्या प्रार्थनांच्या वहीत एक बदल केला आहे. ‘भटकलेल्या तरुणांना सद्‌बुद्धी मिळावी म्हणून’ असे एक वाक्य तेथे होते, आणि ते आमच्याच हातचे होते. त्याऐवजी ‘आम्हाला न सापडलेल्या आमच्या मुलामुलींसाठी’ असे लिहिले आहे. ते कानाला अजून नीट बसत नाही. वाचक त्यावर अडखळतात, आणि ‘न सापडलेल्या’ हे दोघांनी ‘नापास झालेल्या’ असे वाचले. याहून बरा शब्द हवा आहे. आपल्या सामवेदी किंवा वाडवळी बोलीत, मुंबईला नाहीतर आखातात गेलेल्या आणि बरेच दिवस न आलेल्या मुलाविषयी घरातली वडील माणसे कोणता शब्द वापरतात, हे वाचकांनी कळवले तर तो आम्ही वहीत लिहून घेऊ.